एका सावत्र पित्याचे वैद्यक

डॉ. सखाराम अर्जुन राऊत ह्यांचे नाव एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या इतिहासात दोन निरनिराळ्या ठिकाणी भेटते, आणि त्या दोन ठिकाणच्या अभ्यासकांची एकमेकांशी फारशी ओळख नसते. निसर्गाचा अभ्यास करणाऱ्यांना ते १५ सप्टेंबर १८८३ रोजी स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी एक म्हणून ठाऊक असतात. स्त्रियांच्या हक्कांचा इतिहास लिहिणारे त्यांना दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई ह्या गाजलेल्या खटल्यातील रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून ओळखतात. दोन्हीकडे त्यांची बोळवण ओळ-दोन ओळींत होते. परंतु ह्या ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर त्यांतून एक असा गृहस्थ उभा राहतो की ज्याने आपल्या वैद्यकाचा सर्वांत कठीण उपयोग रुग्णालयात केला नाही, तर स्वतःच्या घरात, स्वतःच्या रक्ताच्या नसलेल्या एका मुलीसाठी केला. कुटुंबवत्सल हे विशेषण मराठीत सहज वापरले जाते; सखाराम अर्जुन ह्यांच्या बाबतीत ते वापरायचे तर त्याची किंमत काय होती, हेही पाहावे लागते.

त्यांचा जन्म १८३९ सालचा. ज्या पिढीत ते वाढले तिच्यासाठी पाश्चात्त्य वैद्यकाची दारे नुकतीच उघडली होती. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट ह्यांच्या नावाने स्थापन झालेले ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले, आणि त्याला लागूनच जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय असल्यामुळे विद्यार्थ्यांना पुस्तकी विद्येबरोबर रुग्णशय्येपाशी उभे राहून शिकण्याची सोय झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. आत्माराम पांडुरंग हे ह्या कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी होते. सखाराम अर्जुन त्यांच्यानंतरच्या फळीतले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर वैद्यकाची विद्यापीठीय पदवी सुरू झाली; एल. एम., म्हणजे वैद्यकाचा व्यवसाय करण्याचा विद्यापीठाने दिलेला परवाना, ही त्या काळची मानाची पदवी होती आणि ती सखाराम अर्जुन ह्यांनी मिळविली. पुढे त्यांनी सरकारी सेवेत काम केले आणि त्याच कॉलेजात अध्यापनही केले.

त्या अध्यापनाचा एक भाग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६०नंतर मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग चालविले जात, आणि त्यांत तयार झालेले विद्यार्थी जिल्ह्याजिल्ह्यांच्या सरकारी दवाखान्यांत साहाय्यक म्हणून जात. इंग्रजी न जाणणाऱ्या तरुणांना शरीररचना, रोगनिदान आणि औषधोपचार मराठीतून शिकवायचे, तर मराठीत ग्रंथ हवेत आणि परिभाषाही हवी. सखाराम अर्जुन ह्यांनी मराठी वर्गाला शिकविले आणि सामान्य वैद्यक, गर्भधारणा व प्रसूती, विवाहाशी संबंधित आरोग्य अशा विषयांवर मराठीत पुस्तके लिहिली. प्रसूती आणि विवाह हे विषय त्या काळच्या सुशिक्षित पुरुषाच्या लेखणीला सोयीचे नव्हते. ज्या गोष्टी सुईणीच्या आणि सासूच्या अधिकारात आहेत असे मानले जाई, त्यांवर एका पदवीधर डॉक्टराने मराठी वाचकाशी उघडपणे बोलणे, हेच एक धाडस होते, आणि ह्या धाडसाचा संबंध त्यांच्या घरातील पुढच्या घटनांशी थेट पोहोचतो.

त्यांच्या अभ्यासाचा दुसरा विषय वनस्पतिशास्त्र हा होता. मुंबईच्या औषधी बाजारात कोकणातल्या रानातील मुळ्यासालींपासून इराणी आखातातून आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या डिंक-राळांपर्यंत असंख्य द्रव्ये विकली जात. त्यांतील कोणते द्रव्य नेमके कोणत्या वनस्पतीचे, त्याला बाजारात काय म्हणतात आणि त्याचा उपयोग काय, ह्याची शास्त्रीय नोंद त्यांनी १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी सूचिग्रंथात केली. वाळवून विकल्या जाणाऱ्या द्रव्यांबरोबरच ताज्या स्थितीत वापरल्या जाणाऱ्या औषधी वनस्पतींचीही यादी त्यांनी त्यात दिली. पश्चिम भारतातील औषधी द्रव्यांवर पुढे लिहिणाऱ्या विल्यम डायमॉक ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी ह्या ग्रंथाचा पुन्हा पुन्हा हवाला दिला आहे. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या माणसाने देशी औषधांना अडाणीपणा म्हणून झटकून टाकावे, किंवा उलट अभिमानापोटी तपासणीशिवाय स्वीकारावे, हे दोन्ही मार्ग त्या काळी सोपे होते. सखाराम अर्जुन ह्यांनी त्यांतला एकही धरला नाही. त्यांनी द्रव्य हातात घेऊन पाहिले. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, ज्याला आज डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे नाव आहे, जमलेल्या ज्या आठ जणांनी नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत भारतीय दोनच होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन, आणि दोघेही डॉक्टर होते.

हा झाला त्यांचा सार्वजनिक परिचय. घराची कथा जयंतीबाईंपासून सुरू होते. जयंतीबाई सुतार समाजातील. त्यांचे लग्न चौदाव्या वर्षी जनार्दन पांडुरंग ह्यांच्याशी झाले, पंधराव्या वर्षी त्यांना मुलगी झाली आणि सतरा वर्षांच्या असताना त्यांचे पती वारले. २२ नोव्हेंबर १८६४ रोजी जन्मलेली ही मुलगी म्हणजे रखमाबाई. जनार्दन पांडुरंग ह्यांनी मागे पंचवीस हजार रुपयांच्या घरातील मालमत्ता ठेवली होती. पतीच्या निधनानंतर सुमारे सहा वर्षांनी जयंतीबाईंनी सखाराम अर्जुन ह्यांच्याशी पुनर्विवाह केला; सखाराम अर्जुन स्वतः विधुर होते. ब्राह्मण व तत्सम जातींत विधवेचा पुनर्विवाह म्हणजे बहिष्काराला आमंत्रण असले, तरी सुतारांसारख्या समाजात पाट लावण्याची, म्हणजे विधवेने साध्या विधीने दुसरे लग्न करण्याची, चाल मान्य होती. तेव्हा ह्या विवाहाला क्रांतिकारक म्हणण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. पुनर्विवाह करताना जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता आठ-नऊ वर्षांच्या रखमाबाईंच्या नावे करून दिली. म्हणजे सखाराम अर्जुन ह्यांच्या घरात जी मुलगी आली, ती कायद्याच्या दृष्टीने त्यांच्याहून स्वतंत्र अशा मालमत्तेची मालकीण होती. पुढे ह्याच मालमत्तेवरून त्यांच्यावर आरोप झाले.

१८७६ च्या सुमारास, अकरा वर्षांच्या रखमाबाईंचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजी ह्यांच्याशी लावण्यात आले. दादाजी हे सखाराम अर्जुन ह्यांचे दूरचे, गरीब नातेवाईक होते. सुधारकांच्या वर्तुळात वावरणाऱ्या, विवाहाच्या आरोग्याविषयी लिहिणाऱ्या एका डॉक्टराच्या घरात बालविवाह झाला, ही गोष्ट त्यांच्या कोणत्याही चाहत्याला झाकता येणार नाही आणि झाकूही नये. घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह, जातीतील रूढी, मुलीच्या मालमत्तेची काळजी, अशी कारणे सांगता येतात. त्यांनी प्रसंग समजतो, पण जबाबदारी कमी होत नाही. विवाह करून देताना मात्र एक अट घालण्यात आली होती. प्रचलित रीतीप्रमाणे मुलगी सासरी जाणार नव्हती. दादाजींनी घरजावई म्हणून, म्हणजे पत्नीच्या माहेरीच राहून, शिक्षण घ्यावे आणि सखाराम अर्जुन ह्यांच्या छायेखाली एक भला माणूस व्हावे, अशी योजना होती. जावयाला घरी ठेवून घडवायचे ही कल्पना भाबडी होती, असे आज म्हणता येते. तिच्यामागचा हेतू मात्र मुलगी डोळ्यांसमोर राहावी हाच होता.

लग्नानंतर सहा-सात महिन्यांनी रखमाबाई ऋतुमती झाल्या. त्या काळच्या हिंदू कुटुंबांत ह्यानंतर गर्भाधानाचा विधी होत असे. गर्भाधान हा सोळा संस्कारांपैकी एक संस्कार, आणि प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की ऋतुप्राप्तीनंतर विलंब न लावता मुलीला पतीच्या स्वाधीन करायचे आणि तिथून तिचा शरीरसंबंध सुरू व्हायचा. हा विधी टाळणे म्हणजे धर्मलोप, असे मानणाऱ्यांची संख्या मोठी होती. सखाराम अर्जुन ह्यांनी तो होऊ दिला नाही. त्यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची कृती कोणती, असे विचारले तर उत्तर हेच द्यावे लागेल.

ह्या नकाराचे वजन कळण्यासाठी त्या वेळचा कायदा आठवावा लागतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने संमतिवय, म्हणजे ज्या वयाखालील मुलीशी शरीरसंबंध हा, विवाहित असो वा नसो, बलात्कार ठरतो ते वय, दहा वर्षे धरले होते. रखमाबाई अकरा-बारा वर्षांच्या होत्या. धर्म मागणी करीत होता, जात वाट पाहत होती, जावई हक्क सांगत होता आणि सरकारी कायद्याचीही काही हरकत नव्हती. मुलीच्या बाजूने त्या घरात एकच गोष्ट उभी होती, ती म्हणजे एका डॉक्टराचे ज्ञान. ऋतुप्राप्ती म्हणजे शरीराची परिपक्वता नव्हे, कटीची हाडे आणि गर्भाशय ह्यांची वाढ पूर्ण होण्यास आणखी काही वर्षे लागतात, आणि त्याआधी आलेले मातृत्व आईला व मुलाला दोघांनाही धोक्यात घालते, हे प्रसूतिशास्त्र जाणणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पुस्तके नसती तरीही पंधराव्या वर्षी आई झालेली स्त्री त्यांच्याच संसारात होती. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू पावली, त्यानंतर देशभरातून डॉक्टरांच्या साक्षी पुढे आल्या आणि १८९१ साली संमतिवय दहावरून बारावर नेण्यात आले. मुंबईतल्या एका घरात ह्या विषयावरचा निर्णय त्याच्या जवळजवळ पंधरा वर्षे आधी झाला होता, आणि तो घेताना त्या डॉक्टरापुढे ना कायद्याचा आधार होता, ना लोकमताचा.

येथे एक गोष्ट जरा विस्ताराने सांगायला हवी, कारण सुधारणेच्या इतिहासात ती अनेकदा निसटते. त्या पिढीतील अनेक सुधारक सभेत एक आणि घरात दुसरे करीत, अशी तक्रार त्यांच्या विरोधकांनी सतत केली, आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. घरात नकार देणे हे सभेत ठराव मांडण्याहून अवघड असते, कारण घरातील विरोधक हे रोज एका पंक्तीला बसणारे आप्त असतात. सखाराम अर्जुन ह्यांच्या बाबतीत क्रम उलटा लागला. विवाहाच्या वेळी ते रूढीपुढे नमले. परंतु ज्या क्षणी प्रश्न मुलीच्या शरीराचा झाला, त्या क्षणी डॉक्टराने गृहस्थाचा हात धरला आणि त्याला पुढे जाऊ दिले नाही. आधीच्या चुकीची ही पूर्ण भरपाई नव्हती. ह्या अडवणुकीमुळेच मात्र पुढची रखमाबाई शक्य झाली.

घरजावयाची योजना फसली. विसाव्या वर्षी शाळेच्या बाकावर बसणे दादाजींना मानवले नाही. आईच्या मृत्यूनंतर ते सखाराम अर्जुन ह्यांचा सल्ला न मानता आपले मामा नारायण धुर्माजी ह्यांच्याकडे राहायला गेले. तिथल्या वातावरणात शिक्षण सुटले, कर्ज वाढले आणि प्रकृतीही ढासळली. त्या घरात रखमाबाईंनी नांदायला जावे अशी मागणी होऊ लागली, तेव्हा बारा वर्षांच्या रखमाबाईंनी नकार दिला आणि सखाराम अर्जुन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ह्या वाक्यातील कर्ता कोण, इकडे वाचकाने लक्ष द्यावे. नकार मुलीचा होता. बापाने तो ऐकला आणि मानला, आणि एकोणिसाव्या शतकात मुलीचा नकार ऐकून घेणारे पिते मोजकेच होते.

पुढील काही वर्षे रखमाबाई त्याच घरात वाढल्या. शाळा लग्नाबरोबर सुटली होती, तरी फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातील पुस्तके घरी येत आणि त्यांवर त्यांचे शिक्षण चालू राहिले. सखाराम अर्जुन ह्यांच्या ओळखींमुळे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते विष्णुशास्त्री पंडित ह्यांच्यासारख्या सुधारकांशी आणि काही युरोपीय स्त्रीपुरुषांशीही रखमाबाईंचा परिचय झाला. मायलेकी प्रार्थनासमाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जात. रखमाबाई पुढे ज्या ताकदीच्या इंग्रजीत लिहू लागल्या, ती ताकद ह्या घरगुती शिक्षणातून आली होती.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलांमार्फत सखाराम अर्जुन ह्यांना पत्र पाठविले की त्यांनी रखमाबाईंना पतीकडे येण्यापासून अडवू नये. सखाराम अर्जुन ह्यांनी सभ्य भाषेत उत्तर दिले की आपण तिला अडवीत नाही. दादाजींच्या बाजूचा आरोप असा होता की मुलीच्या मालमत्तेवर डोळा ठेवून हे कुटुंब तिला सोडीत नाही. हा आरोप केवळ रागाने झटकण्याजोगा नाही. नवरा म्हणून निवडलेला तरुण सखाराम अर्जुन ह्यांच्याच नात्यातला होता, हे आरोपकर्त्यांच्या उपयोगी पडणारे सत्य आहे. परंतु काळाने ह्या आरोपाची अशी एक परीक्षा घेतली की जिची तजवीज कोणी करू शकले नसते. एप्रिल १८८५ मध्ये, वयाची पन्नाशीही गाठण्याआधी, सखाराम अर्जुन वारले. खटल्याचा निकाल तेव्हा लागायचा होता. मुलीचा नकार जर तिच्या सावत्र बापाने पढविलेला असता, तर पढविणारा गेल्यावर तो टिकला नसता. घडले ते नेमके उलट. दोन महिन्यांनी, २६ जून १८८५ रोजी, टाइम्स ऑफ इंडियामध्ये ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीचे बालविवाहाविरुद्धचे पत्र प्रसिद्ध झाले, सप्टेंबरात दुसरे आले, आणि ती पत्रे रखमाबाईंची होती हे पुढे जगाला कळले.

खटल्याचा कायदेशीर इतिहास सुपरिचित आहे. येथे त्याची आवश्यक तेवढीच नोंद पुरे. दादाजींचा दावा दाम्पत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा, म्हणजे सोडून गेलेल्या जोडीदाराला न्यायालयाने परत येण्याचा हुकूम करावा अशा स्वरूपाचा होता, आणि ही तरतूद इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेली होती. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी दावा फेटाळला. हे दोघे पतिपत्नी म्हणून कधी एकत्र राहिलेच नव्हते, तेव्हा पुनःस्थापना करायची कशाची, हा त्यांच्या निकालाचा गाभा होता. त्या गाभ्याखालचे वास्तव कोणी निर्माण केले होते, हे मात्र निकालाची चर्चा करताना सांगितले जात नाही. गर्भाधान झाले असते, तर हा युक्तिवाद करायला जागाच उरली नसती. नऊ वर्षांपूर्वी आपल्या घरात डॉक्टराने म्हटलेले ‘नाही’ आता उच्च न्यायालयाच्या निकालपत्राचा आधार बनले होते, आणि ते पाहायला तो डॉक्टर हयात नव्हता. अपिलात हा निकाल फिरला; ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी पतीकडे जा किंवा सहा महिने तुरुंगवास भोगा, असा हुकूम दिला. अशा अवज्ञेसाठी तुरुंगात टाकण्याची शिक्षा खुद्द इंग्लंडने १८८४ सालीच रद्द केली होती. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. टिळकांचा ‘केसरी’ त्यांच्या विरोधात होता, सुधारक बेहरामजी मलबारी त्यांच्या बाजूने लिहीत होते, आणि अखेर जुलै १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

त्यानंतर रखमाबाईंनी निवडलेला मार्ग वैद्यकाचा होता. कामा रुग्णालयातील डॉ. ईडिथ पीची ह्यांच्या प्रोत्साहनाने १८८९ साली त्या लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन त्यांनी सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत अनेक वर्षे सेवा केली. ही निवड करण्यामागे डॉ. पीची, इंग्लंडमधील हितचिंतक आणि मुंबईतील देणगीदार ह्यांचे श्रेय मोठे आहे. तरीही ज्या मुलीने आपल्या शरीरावरचा पहिला हल्ला वैद्यकाच्या बळावर परतविला जाताना वयाच्या बाराव्या वर्षी पाहिला, तिला ही विद्या म्हणजे केवळ पोटापाण्याचा व्यवसाय वाटली नसणार, एवढे म्हणायला हरकत नाही.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वद वर्षांच्या होऊन, डॉ. रखमाबाई वारल्या; सखाराम अर्जुन ह्यांच्या मृत्यूला तेव्हा सत्तर वर्षे झाली होती. रखमाबाईंवर ग्रंथ झाले, चित्रपट झाला, आणि ते योग्यच झाले. सखाराम अर्जुन ह्यांची मराठी वैद्यकीय पुस्तके मात्र आज कोणी वाचीत नाही, आणि मुंबईच्या औषधी द्रव्यांची त्यांची सूची जुन्या ग्रंथसंग्रहांपुरती राहिली आहे. मराठीतून विज्ञान लिहिण्याच्या गोष्टी करणाऱ्यांनी ती पुस्तके शोधून काढून पुन्हा छापावीत, आणि रखमाबाईंचे पुढचे चरित्र जो कोणी लिहील त्याने १८८४ च्या वकिली पत्रापासून आरंभ न करता १८७६ मधील त्या न झालेल्या गर्भाधानापासून करावा.